नारळ माझ्याच तळहातावर उभा राहिला

पत्र:

«काकू, आम्ही औसा तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू. आबांनी सहा वर्षांत तीन बोअर मारल्या, तिन्ही एकाच पाणाड्याने दाखवलेल्या पॉइंटवर. पहिली ४२० फूट, नुसता फुफाटा. दुसरीही तशीच. तिसरीला दीड इंची पाणी लागलं, जानेवारीपर्यंत चाललं आणि गेलं. मोटार-पाइप धरून साडेतीन लाख खर्च झाला. आता चौथी ७०० फूट मारायची म्हणतात. त्यासाठी अक्षय्य तृतीयेनंतर आईचं सोनं गहाण पडणार आहे. दादा पुण्यात इंजिनिअर आहे. दिवाळीत तो आबांना ‘अडाणी’ म्हणाला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. (त्याचं स्वतःचं लग्न पत्रिका जुळत नाही म्हणून दोनदा मोडलं, तो विषय वेगळा.) मी बी.एस्सी. झालेय, मला हे पटत नव्हतं. पण मागच्या महिन्यात पाणाड्याने नारळ माझ्या हातावर आडवा ठेवला (तो उभा राहील तिथे खाली पाणी, असं मानतात), मला चालायला लावलं, आणि नारळ माझ्याच तळहातावर उभा राहिला. मी काहीही केलं नव्हतं, देवाशपथ. आता आबांना कोणत्या तोंडाने सांगू? — आबांची धाकटी»

प्रिय धाकटी,

तू काहीही केलं नव्हतंस, हे मला पूर्ण मान्य आहे. शपथ घ्यायची गरज नव्हती.

मी एम.एस्सी.ला भूशास्त्र शिकत होते तेव्हा आजोळी एका पाणाड्याने माझ्या हातात मेंदीची बेचकी दिली. दोन्ही मुठी वर करून धरायची, फांद्या बाहेर ताणायच्या आणि चालायचं. बांधाच्या कोपऱ्याशी ती काडी अशी खाली वळली की तिची साल माझ्या मुठीत सोलून निघाली. मी ती रोखायचा प्रयत्न करत होते आणि ती वळत होती. तोंडपाठ केलेला सगळा बेसॉल्ट त्या क्षणी माझ्या उपयोगाला आला नाही. आठ दिवस मला झोप लागली नव्हती. म्हणून तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

मला उत्तर मिळालं ते एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या गोष्टीत. त्याचं नाव मिशेल शेव्रल. दोऱ्याला टांगलेला लोलक पाऱ्यावर धरला की झोके घेतो, असं त्या काळी लोक मानत. शेव्रलने करून पाहिलं, आणि त्याच्याही हातात लोलक हलला. मग त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि मदतनिसाला लोलक आणि पारा यांच्यामध्ये काच सरकवायला सांगितलं. कधी सरकव, कधी नको, मला मात्र कळू देऊ नकोस. पट्टी बांधल्यावर लोलकाला पाऱ्याचा पत्ताच लागेना. हे त्याने १८३३ मध्ये छापलं. पुढे १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरने या प्रकाराला नाव दिलं. मनात एखादी हालचाल होणार अशी अपेक्षा असली की स्नायू ती बारीकशी हालचाल करून टाकतात, आणि आपण ती केली हे आपल्याला कळत नाही. यात फसवणूक कोणाचीच नसते. शेव्रल खोटारडा नव्हता, मी नव्हते, तू नाहीस, आणि तुमचा पाणाडीही बहुधा नाही.

आता नारळाकडे बघ. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ मुळात डळमळत असतो. वीस मिनिटं हात पुढे धरून चाललं की हात थकतो, बोटं किंचित मिटतात, तळहाताची खोलगट जागा बदलते, आणि तेवढ्याने नारळ कलंडून उभा होतो. ताणलेली बेचकी तर स्प्रिंगच असते. मनगट केसभर फिरलं की ती उसळते. म्हणजे हातातली वस्तू अशी निवडलेली आहे की न जाणवणारी हालचालसुद्धा मोठी होऊन दिसावी. हे कोणी कट करून ठरवलेलं नाही. ज्या वस्तू अशा वागल्या त्या परंपरेत टिकल्या, इतकंच.

आणि तो उभा कुठे राहिला? तू लिहिलेलं नाहीस, पण मला वाटतं पाणाडी तुझ्या शेजारून चालत होता, एका ठिकाणी त्याची चाल मंदावली, आबा पुढे सरकले आणि सगळे गप्प झाले. तुझ्या हाताने ते सगळं ऐकलं.

हा नुसता माझा तर्क नाही. जर्मनीत १९८७-८८ साली म्युनिकजवळ सरकारी पैशाने मोठी चाचणी झाली. सुमारे ५०० पाणाड्यांमधून सर्वांत चांगले वाटलेले ४३ जण निवडले. एका दुमजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून दहा मीटरच्या रेषेवर इकडेतिकडे सरकवायचा, आणि वरच्या मजल्यावर चालणाऱ्याने तो नेमका कुठे आहे ते सांगायचं. अशा ८४३ खेपा झाल्या. बहुतेकांना काहीच जमलं नाही, हे चाचणी घेणाऱ्यांनीही मान्य केलं, पण सहा जणांना विलक्षण कौशल्य आहे असं त्यांनी जाहीर केलं. नंतर जिम एनराइट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्या सहा जणांचे नेम एका खेपेला लागायचे आणि दुसऱ्या खेपेला भलतीकडे जायचे. ४३ जणांनी इतक्या वेळा अंदाज बांधले तर काहींचे काही नेम लागणारच. ते आधी वेगळे काढायचे आणि मग ‘बघा, यांना येतं’ म्हणायचं.

धाकटी, तुमच्या पारावर रोज हेच चालतं. तिथे कोणत्या बोअरची गोष्ट ऐकू येते? अमक्याच्या माळावर, जिथे कुसळ उगवत नव्हतं, तिथे नारळ उठला आणि चार इंची पाणी लागलं. ती गोष्ट दहा गावं फिरते, पाहुण्यांना सांगितली जाते, लग्नात सांगितली जाते. ज्याची बोअर कोरडी गेली तो पारावर बसून सांगत नाही, तो घरी बसून व्याज मोजतो. आबांनीही त्यांच्या दोन कोरड्या बोअरची गोष्ट किती जणांना सांगितली असेल? मग शेजारच्या शिवारातल्या माणसाच्या कानावर काय जातं? ‘आबांच्या तिसऱ्या बोअरला लागलं होतं की.’ आठवणीत यश भराभर वर येतं आणि अपयश तळाशी बसतं. शिकलेल्याचं मन आणि न शिकलेल्याचं मन याबाबतीत सारखंच वागतं.

मोजायची पद्धत एकच. तुमच्या शिवारातल्या सगळ्या बोअर एका वहीत लिही. साल, खोली, पाणाडी बोलावला होता की नाही, लागलं का, आणि मे महिन्यात चालू होती का. हा मे महिन्याचा रकाना अजिबात सोडू नकोस. पावसाळ्यानंतर दोन महिने चाललेल्या बोअरला लोक ‘लागलं’ म्हणतात. समज, तुमच्या भागात कुठेही दहा ठिकाणी भोक पाडलं तर सहा ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग डोळे मिटून खडा फेकणाऱ्या पाणाड्याचेही दहातले सहा पॉइंट खरे ठरणार. नारळाने त्यात काही भर घातली का, हे समजायला नारळाशिवायच्या बोअर शेजारच्या रकान्यात हव्यात. तो रकाना कोणी भरत नाही. सगळी मेख तिथे आहे.

आता जमिनीचं सांगते, कारण माझा जीव तिथे आहे. पाणाडी ‘झरा’ म्हणतो तेव्हा आबांच्या डोळ्यांसमोर जमिनीखाली वाहणारी नदी येते. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग, आणि तुमचा लातूर जिल्हा, लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसॉल्टवर बसलेला आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. थरावर थर, पुरणपोळ्यांची चळत ठेवावी तसे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला, मुरमाड. त्याखालचा घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरूचा पट्टा. पाणी मावतं ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र भागात, आणि तेही पावसाने मुरवलं तेवढंच. घट्ट पाषाण कोरडा असतो. त्यात खोल गेलं की पाणी वाढत जातं, हा समज लोकांना फार महागात पडतो. खोलवर पाणी लागलंच तर ते एखाद्या भेगेत साठलेलं असतं. ती भेग उपसली की संपलं. तुमची तिसरी बोअर जानेवारीत का आटली, ते यावरून लक्षात येईल.

म्हणजे आबांच्या तीन बोअर अगदीच वाया गेलेल्या नाहीत. त्यांनी ४२० फुटांपर्यंत तुमच्या जमिनीचं पोट उघडून दाखवलंय. फुफाटा कोणत्या रंगाचा होता, किती फुटांवर रंग बदलला, तांबडा चुरा कधी आला, ओल कुठे लागली, हे आबांना नक्की आठवत असेल. शेतकरी असल्या गोष्टी विसरत नाही. त्यांना विचार आणि लिहून घे. पहिल्या पन्नास-साठ फुटांनंतर सलग काळाकरडा चुरा आला असेल तर ७०० फुटांची बोअर हे त्याच पाषाणात आणखी खोल पाडलेलं भोक ठरण्याची शक्यता मोठी आहे. ही माहिती त्या जागेच्या कोणत्याही नारळापेक्षा मोलाची आहे, आणि ती आबांनी पैसे मोजून मिळवली आहे. त्यांच्याशी बोलताना इथून सुरुवात करता येईल.

आबा कदाचित म्हणतील, आपल्या जुन्या ग्रंथांत हे सगळं आहे. आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय भूमिगत पाण्यावर आहे. त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखव. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी मिळेल, अशी वचनं आहेत. हात वर केलेला माणूस म्हणजे एक पुरुष. झाडं, वारुळं, मातीचा रंग, दगड यांच्या खुणा तो सांगतो. त्यातल्या सगळ्या खऱ्या ठरतील असं मी म्हणणार नाही, पण त्या जमिनीकडे बघून केलेल्या आहेत आणि खणून तपासता येतात. अनुभवी पाणाडीही नकळत हेच करत असतो. उंबर कुठे आहे, नाल्याची वळणं, उताराचा पोट भाग, शेजाऱ्याची चालू विहीर. त्याच्या डोळ्यांनी केलेल्या कामाचं श्रेय नारळाला जातं. त्याच्या निरीक्षणाला मी कमी लेखत नाही.

पण तो चुकतो तेव्हा काय म्हणतो, ते तू लिहिलेलं नाहीस. मी जे ऐकत आले ते सांगते. झरा सरकला. बोअरच्या गाडीवाल्याने दोन फूट बाजूला मारली. घरात सुतक होतं. अजून पन्नास फूट गेला असतात तर लागलं असतं. यातलं प्रत्येक कारण बोअर झाल्यानंतर जन्मतं. पाणी लागलं तर नारळ खरा, नाही लागलं तर गाडीवाला खोटा. जे म्हणणं कुठल्याही निकालाने खोटं ठरूच शकत नाही, ते निकालाबद्दल काही सांगतही नसतं. म्हणून सगळं आधी कागदावर यायला हवं. किती फुटांवर, किती इंच, कोणत्या महिन्यापर्यंत. पाणाड्याने स्वतः सांगावं, आबांनी लिहावं, तारीख घालावी.

तीन झाल्यावर चौथी का, हे मला सर्वांत जास्त दुखतं. साडेतीन लाख गेले, आता थांबलो तर ते खरंच गेले असं होईल. मारली आणि लागलं तर आधीचं सगळं भरून निघेल. आबा सोन्याचा हिशेब करताना पुढच्या बोअरचा विचार कमी करतायत आणि मागच्या तीन बोअरची इभ्रत जास्त सांभाळतायत. जमिनीला आधीचा खर्च माहीत नसतो. दादाच्या ‘अडाणी’ या शब्दाने नेमकी हीच गाठ आणखी घट्ट केली. आता चौथी बोअर पाण्यासाठी उरलेली नाही, ती दादाला उत्तर द्यायला मारायची आहे.

दादालाही माझा निरोप सांग, भांडण न करता. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सांख्यिकीचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते सांगा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आली असती. ज्या पुण्यात ही चाचणी झाली तिथेच पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मला अजूनही ती तारीख लिहिताना थांबावं लागतं. सांगायचं हे की दादा आणि आबा एकाच ठिकाणी अडकलेत. एकाने नारळ धरलाय, दुसऱ्याने पत्रिका. आपल्या मनातली चूक आपल्याला आतून दिसत नाही, समोरच्याची लगेच दिसते. दादा हे आबांसमोर एकदा मोकळेपणाने कबूल करू शकला, तर तुझं अर्धं काम होईल.

एक गोष्ट मात्र तुम्ही दोघं भावंडं समजून घ्या. मालिनोवस्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून पाहिलं होतं. शांत खाडीत मासे धरताना तिथले लोक मंत्रतंत्र करत नसत. तेच लोक खोल समुद्रात जायचे तेव्हा विधींना पार नसायचा. माणूस तोच, कौशल्य तेच, फक्त जिवाचा आणि पोटाचा भरवसा कमी. कोरडवाहू शेती हा खोल समुद्रच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुझ्या आबांनी डोळ्यांनी पाहिलंय. अशा माणसाच्या बांधावर कोणीतरी येतो, दोन-तीन तास त्याच्याबरोबर उन्हात चालतो, आणि ‘इथे आहे’ म्हणतो. माझ्यासारखी भूशास्त्रवाली येऊन काय म्हणेल? कदाचित ‘इथे नाही’ म्हणेल. खरं असलं तरी ते ऐकायला फार जड आहे. आबांकडून पाणाडी काढून घ्यायचा असेल तर त्याची जागा कशाने तरी भरावी लागेल.

त्यासाठी लातूरच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आबांना घेऊन जा. आबांनाच पुढे बसव, तू मागे बस. त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा नोंदली जाते. तुमच्या जवळच्या विहिरीच्या नोंदी मागा, पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जातं ते बघा, आणि चुऱ्याच्या रंगांची वही त्यांच्यापुढे ठेवा. विजेच्या प्रवाहाने खडकाचा रोध मोजण्याची रेझिस्टिव्हिटीची पद्धत असते, तीही विचारा. तीही चुकते, हे आबांना आधीच सांग. ते लपवलंस तर एका चुकीने सगळा विश्वास जाईल. फरक इतकाच की तिथे चूक नोंदली जाते. जुनी विहीर असेल तर तिचा गाळ काढणं, कोरड्या बोअरमध्ये गाळून घेतलेलं पावसाचं पाणी मुरवणं, शेततळं, हेही पर्याय विचार. गाळल्याशिवाय पाणी बोअरमध्ये सोडू मात्र नका.

आणि आता नारळ. पाणाड्याची परीक्षा घेऊ नकोस, तो अपमान होईल आणि आबा त्याच्या बाजूने उभे राहतील. परीक्षा तुझी घे. रविवारी सकाळी शेतात जा. आधी डोळे उघडे ठेवून नारळ घेऊन चाल. तो उठेल तिथे चुलत भावाने खुंटी ठोकावी. मग डोळ्यांवर ओढणी बांध. भावाने तुला दोन-तीन गिरक्या देऊन, वेड्यावाकड्या वाटेने, गप्प राहून, दंडाला धरून त्याच पट्ट्यातून पुन्हा पुन्हा न्यावं, आणि नारळ उठेल तिथे वेगळ्या रंगाची खुंटी ठोकावी. किमान दहा खेपा. जमिनीखाली काही असेल आणि ते नारळाला कळत असेल तर खुंट्या एका जागी गोळा होतील.

आबा येतो म्हणाले तर येऊ दे, पण त्यांना वाटेत उभं राहू देऊ नकोस, बांधावर बसव. तू त्यांच्या श्वासावरूनसुद्धा जागा ओळखशील. कुठे किती खुंट्या लागल्या ते त्यांना मोजू दे, तू तोंडाने काही बोलू नकोस. अक्षय्य तृतीयेला अजून वेळ आहे. ओढणी दुहेरी बांध, नाकाच्या बाजूने खालचं दिसत राहतं. आणि काय झालं ते मला कळव, खुंट्यांच्या नकाशासकट.

तुझी,
काकू